नाव लपवू नका, नाव योग्य ठिकाणी द्या : आरोग्य विम्यातल्या लबाडीची गुप्त तक्रार कशी करायची



संस्थेच्या ऑफिसात हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. डिझेलचं काम उरकलं, सही झाली, की माणूस जरा पुढे सरकतो आणि हळू आवाजात विचारतो, "भाऊ, विम्यात काहीतरी गडबड दिसतेय. सांगायचं आहे, पण माझं नाव बाहेर यायला नको."

भीती खोटी नाही. एजंट आपल्याच सोयऱ्यातला असतो. दवाखाना तालुक्यात एकच असतो, उद्या पुन्हा तिथेच जायचं असतं. कुणाची मुलगी दवाखान्याच्या बिलिंग खिडकीवर कामाला, कुणाचा भाचा विमा कंपनीच्या ऑफिसात. कोळीवाड्यात कुणाच्या घरी कोणती मासळी शिजली तेही दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं, मग तक्रार कशी लपणार? म्हणून आज हा विषय नीट मांडतोय. थोडं लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्या बायकांनाही वाचायला द्या. दवाखान्याची फाईल शेवटी त्याच सांभाळतात.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

पहिली गोष्ट म्हणजे आपला हक्काचा क्लेम कंपनीने नाकारला किंवा अडकवून ठेवला. दुसरी म्हणजे कुणीतरी खोटेपणा करून विम्याचे पैसे उकळतंय असा संशय आपल्याला आला. पहिली तक्रार उघड, आपल्याच नावाने करायची असते, कारण पैसे आपल्याला हवे असतात. दुसरी तक्रार गुप्त ठेवता येते. लोक या दोन्हीची सरमिसळ करतात आणि मग कुठेच काम होत नाही.

पहिल्या प्रकाराचं चांगलं उदाहरण वडोदऱ्याचं आहे. तिथल्या एका गृहस्थांच्या पत्नीवर नोव्हेंबर २०१६ मध्ये अहमदाबादच्या दवाखान्यात उपचार झाले. बिल ४४,४६८ रुपये. विमा कंपनी सरकारी. कंपनी म्हणाली, सलग २४ तास दाखल नव्हता, क्लेम मिळणार नाही. गृहस्थांनी कागद पुढे ठेवले. दाखल झाल्याची वेळ २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३८. सोडल्याची वेळ दुसऱ्या दिवशी ६.३०. म्हणजे २४ तासांहून जास्त. प्रकरण वडोदऱ्याच्या ग्राहक आयोगात गेलं आणि मार्च २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पूर्ण रक्कम, क्लेम नाकारल्यापासून ९ टक्के व्याज आणि वर त्रासापोटी व खर्चापोटी काही रक्कम. आयोगाने असंही म्हटलं की आता नवीन औषधं आणि तंत्रामुळे उपचार लवकर होतात, म्हणून २४ तास भरले नाहीत एवढ्या कारणावर क्लेम नाकारता येत नाही.

इथे गुप्ततेचा प्रश्नच नव्हता. लढाई जिंकली ती दोन वेळांच्या नोंदींवर. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि बिल हे बोटीच्या लायसन्सइतकंच जपून ठेवा.

असा प्रकार तुमच्याबाबत घडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्याची तक्रार घेतात. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. गुजरातचं लोकपाल कार्यालय अहमदाबादला आहे. महाराष्ट्रातल्या घरांनी पॉलिसीच्या कागदावर मागच्या बाजूला पत्ता बघावा, तो छापलेला असतो.

आता दुसरा प्रकार : लबाडी

वडोदऱ्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अहमदाबाद. तिथल्या ख्याती हॉस्पिटलचं प्रकरण बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलं असेल. १० नोव्हेंबर २०२४ रोजी मेहसाणा जिल्ह्यातल्या कडी तालुक्यात बोरीसणा गावात मोफत तपासणी शिबिर भरलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या १९ जणांना अहमदाबादला नेलं. त्यांची अँजिओग्राफी केली आणि सात जणांना स्टेंट बसवले. त्यातले दोघं दगावले. नातेवाईकांचं म्हणणं होतं की आम्हाला नीट विचारलंच नाही. बिल जाणार होतं आयुष्मान कार्डावर. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, हॉस्पिटलला सरकारी योजनेतून काढलं, डॉक्टर आणि व्यवस्थापनातल्या लोकांना अटक झाली. पुढच्या तपासात पैसे घेऊन अपात्र लोकांची आयुष्मान कार्डं काढून देणारी टोळीही क्राइम ब्रांचने पकडली. कोर्टाचा निकाल लागायचा आहे, तेव्हा दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण यानंतर गुजरात सरकारला हृदयाच्या ऑपरेशनसाठी नियम कडक करावे लागले.

विचार करा. बिलिंगला बसणारा, रुग्णांना गाडीत घालून आणणारा, कार्ड स्कॅन करणारा, फाईल मंजूर करणारा, अशा कितीतरी माणसांच्या हातातून एक फाईल जाते. एखादी फाईल खोटी असेल तर यातल्या कुणाला ना कुणाला ते आधीच दिसतं. त्याने वेळेवर आणि सुरक्षितपणे सांगितलं तर जीव वाचू शकतो. गुप्त तक्रारीची व्यवस्था त्याच्यासाठीच असते.

हे एका हॉस्पिटलपुरतं आहे असं समजू नका. २०२५ च्या सुरुवातीला सरकारने संसदेत सांगितलं की आयुष्मान योजनेत खाजगी हॉस्पिटलांचे २.७ लाख दावे, ५६२.४ कोटी रुपयांचे, न पटणारे म्हणून नाकारले. १,११४ हॉस्पिटलं यादीतून काढली. त्याआधी २०२३ मध्ये कॅगच्या अहवालात निघालं की जवळजवळ साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर होता, नऊचा आकडा दहा वेळा. अशा रुग्णाला फोन करून "बाबा, तुझं ऑपरेशन खरंच झालं का?" असं विचारणार कसं?

पैसे सरकारचे, आपल्याला काय?

असं म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना तीन गोष्टी सांगतो.

एक, कार्डाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला मिळून असते. तुमच्या कार्डावर कुणी खोटं ऑपरेशन लावलं तर ती रक्कम तुमच्या खात्यातून गेली. चार महिन्यांनी घरात खरंच कुणाच्या छातीत दुखलं, तेव्हा दवाखाना म्हणणार, शिल्लक नाही.

दोन, तुमच्या नावावर नसलेला आजार लिहिला जातो. पुढे खाजगी पॉलिसी काढायला गेलात की कंपनी म्हणणार, हा आजार तुम्हाला आधीपासून होता, लपवलात.

तीन, खोट्या दाव्यांचा भार शेवटी हप्त्यावर येतो. सगळ्यांच्या.

मच्छीमारांच्या अपघात विम्यातही हेच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व असेल तर अडीच लाख आणि अपघातात दवाखान्याचा खर्च २५ हजारांपर्यंत अशी तरतूद आहे. हप्ता केंद्र आणि राज्य भरतं, आपल्याकडून एक रुपया घ्यायचा नाही. तेव्हा विधवा बाईकडून "फाईल हलवायला" टक्केवारी मागणारा कुणी भेटला, तर तो मदत करत नाही, लूट करतोय. त्याची तक्रार झालीच पाहिजे.

निनावी वेगळं, गुप्त वेगळं

आज जे सांगायचं आहे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच.

निनावी म्हणजे खाली नाव न लिहिलेलं पत्र. गुप्त म्हणजे नाव एकाच विश्वासाच्या ठिकाणी दिलेलं आणि बाकी सगळ्यांपासून झाकलेलं. निनावी पत्राला बहुतेक ठिकाणी किंमत नाही. तपास करणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारायचा झाला तरी विचारणार कुणाला? शिवाय सूड उगवायला कुणीही कुणाबद्दल काहीही लिहून टाकतं, म्हणून अशी पत्रं बाजूला पडतात. गुप्त तक्रारीला मात्र दाद मिळू शकते.

नाव सांभाळलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण देशाने पाहिलं आहे. सत्येंद्र दुबे नावाचे तरुण इंजिनियर राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर होते. कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल २००२ मध्ये त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. ते पत्र नावासकट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळी घातली. सीबीआयने पुढे तो लुटीचा प्रकार ठरवला आणि कोर्टात आरोपींना शिक्षाही झाली. पण पत्रातलं नाव फुटलं होतं हे कुणी नाकारत नाही. देशभर संताप झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने गुप्त तक्रारीची व्यवस्था केली. तिचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे आहे. २०१४ मध्ये संसदेने यासाठी स्वतंत्र कायदाही केला, पण तो अजून अमलात आणलेला नाही. म्हणून आज हाताशी आहे ती २००४ ची व्यवस्था, आणि ती नीट वापरायला हवी.

कुठल्या दारात जायचं

सरकारी विमा कंपनी असेल तर : न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या. यांच्या अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने लाच मागितली, खोटे क्लेम मंजूर केले असा संशय असेल तर केंद्रीय दक्षता आयोगाला लिहायचं. पद्धत अशी :

पत्र बंद पाकिटात. पत्ता : सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. पाकिटावर इंग्रजीत ठळक लिहायचं, "कम्प्लेंट अंडर द पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर". हे शब्द नसतील तर ती साधी तक्रार धरली जाते आणि नाव झाकलं जाईलच असं नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा नाही. नाव, पत्ता आणि सही पाकिटाच्या आत, पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी किंवा वेगळ्या कागदावर. मजकुरात "मी तुमच्या अमुक शाखेत शिपाई आहे" असं ओळख पटवणारं काही येऊ देऊ नका. पोच मिळत नाही आणि तुमच्या भल्यासाठीच पुढे पत्रव्यवहार करू नका असं आयोग सांगतो. हीच तक्रार दहा ठिकाणी वाटलीत किंवा व्हॉट्सॲपवर टाकलीत तर नाव सांभाळणं आयोगाच्या हातात राहत नाही. मुद्दाम खोटी तक्रार केली तर उलट कारवाई होऊ शकते, हेही ध्यानात ठेवा.

खाजगी विमा कंपनी असेल तर : दक्षता आयोगाचं दार इथे चालत नाही. पण शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना कंपनी कायद्याप्रमाणे गुप्त तक्रारीची सोय ठेवावीच लागते आणि विमा नियामकाचीही विमा कंपन्यांकडून तशी अपेक्षा आहे. कंपनीच्या वेबसाइटवर "व्हिसल ब्लोअर पॉलिसी" या नावाने ती सापडते. त्यात तक्रारीचा ईमेल किंवा पत्ता असतो. संशय शाखेतल्या साहेबावरच असेल तर शाखेत जाऊ नका, थेट तिथे दिलेल्या वरच्या पत्त्यावर लिहा. कंपनीत काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना हे नक्की सांगा.

नियामक : विमा नियामक प्राधिकरणाचे फोन १५५२५५ आणि १८०० ४२५४ ७३२. "बिमा भरोसा" हे त्यांचं तक्रारीचं पोर्टल. हे मुख्यतः पॉलिसीधारकाच्या तक्रारींसाठी आहे आणि तक्रार कंपनीकडे जाते. म्हणून नाव झाकून ठेवायचं असेल तर हे पहिलं दार नव्हे. स्वतःच्या क्लेमसाठी मात्र चांगलं.

आयुष्मान कार्ड असेल तर : १४५५५ या नंबरवर फोन, देशभर चालतो. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचा लबाडी शोधणारा वेगळा विभाग आहे आणि राज्यांचेही असे विभाग असतात. फोनवर सुरुवातीलाच सांगा की माझं नाव हॉस्पिटलला कळवू नका, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. आपले खलाशी वेरावळ-पोरबंदरला बोटींवर असतात, घरची माणसं वापी, वलसाड, सुरत, वडोदऱ्याला उपचाराला जातात. त्यांच्यासाठी हा एक नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

जीवाला धोका असेल तर : वरचं काहीच नाही. थेट ११२, पोलीस.

तक्रारीत काय लिहायचं

लांबलचक भाषण नको. एक पान पुरे. कधी, कुठे, कोण, किती रक्कम, आणि हे तुम्हाला कसं कळलं. "मी स्वतः पाहिलं" आणि "मला कुणी सांगितलं" हे दोन वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. "सगळे चोर आहेत" या वाक्याचा तपास कुणी करू शकत नाही. "अमुक तारखेला माझ्या आईच्या कार्डावर तीन दिवस दाखल असल्याची नोंद आहे, त्या दिवशी ती घरी होती आणि डोळ्याच्या तपासणीला फक्त एक तास गेली होती" या वाक्याचा तपास होतो. सोबत कागदांच्या झेरॉक्स जोडा, मूळ प्रत कधीही देऊ नका. आणि दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद चोरून आणू नका. ते कुठे आहेत एवढं लिहिलं तरी तपास करणारा तिथे पोचतो.

संशय कधी घ्यायचा? शिबिरात कार्ड आणि आधार घेऊन ठेवलं आणि परत द्यायला टाळाटाळ झाली. न झालेल्या उपचाराचा मेसेज आला. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा मागितला. छातीत दुखत नसताना "लगेच स्टेंट टाकू, फुकट आहे" म्हणाले. एजंटने हप्ता रोख घेतला आणि कंपनीची पावती दिली नाही. यातलं एक जरी घडलं तरी त्याच दिवशी वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवणीवर विसंबलं तर तारखा चुकतात आणि चुकलेल्या तारखेवर खरी तक्रारही पडते.

आणखी एक. संशय म्हणजे पुरावा नव्हे. बिलात आकडा चुकला असेल तर ती चूकही असू शकते. म्हणून एजंटचं किंवा डॉक्टरचं नाव घेऊन गावाच्या ग्रुपवर पोस्ट टाकू नका. खरं असेल तर समोरचा सावध होतो आणि कागद गायब करतो. खोटं निघालं तर अब्रूनुकसानीची केस तुमच्यावर. दोन्हीकडून तोटा आपलाच.

संस्था काय करू शकते

सहकार म्हटलं की वडोदऱ्याचं नाव निघतंच. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी माणसाने १८८९ मध्ये तिथे अन्योन्य सहाय्यकारी मंडळी सुरू केली, देशातल्या अगदी पहिल्या सहकारी संस्थांपैकी ती एक. अन्योन्य म्हणजे एकमेकांना. ते तत्त्व इथे कामाला येतं.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांना पत्र लिहायला संस्था मदत करेल. पण पत्राची प्रत ऑफिसात ठेवणार नाही, रजिस्टरला नोंद करणार नाही आणि मासिक सभेत विषय निघणार नाही. नाव-सहीचा कागद तुम्ही स्वतः पाकिटात घाला, पाकीट स्वतः चिकटवा, पोस्टात स्वतः टाका. मलाही नाव कळण्याची गरज नाही. जितक्या कमी माणसांना माहीत, तितकं सुरक्षित.

या महिन्यात प्रत्येक घराने तीन कामं करावीत. आयुष्मान कार्डाला आपलाच चालू मोबाईल नंबर जोडला आहे का ते तपासा. गेल्या वर्षभरात कार्डावर कोणते उपचार लागले ते १४५५५ वर विचारा. आणि पॉलिसी, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि पावत्या एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये घाला, बोटीवर नव्हे, घरी. बोटीवर गेलेल्या माणसाच्या घरच्यांना ती फाईल कुठे आहे हे माहीत असू द्या.

काही शंका असेल तर खाली कमेंटमध्ये कुणाचंही नाव लिहू नका. ऑफिसात या, सकाळी लिलाव आटोपल्यावर मी असतो. पोस्ट आपल्या वाड्यातल्या ग्रुपवर जरूर पाठवा.

आपला,
सेक्रेटरी